दादोबा पांडुरंग तर्खडकर

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे तानसा नदीकाठचे गाव उन्हाळ्यांसाठी, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांसाठी, प्रसिद्ध आहे. त्याच्या पश्चिमेस वसई तालुका लागतो. त्या तालुक्यातील तर्खड गावावरून ज्या घराण्यास तर्खडकर हे नाव पडले, त्यात दादोबा पांडुरंग जन्मले. त्यांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईस झाला.

दादोबा मुंबईच्या शाळेत इंग्रजी शिकले. त्या काळच्या इंग्रजी व्याकरणांत अक्षरे व त्यांचे लेखन, शब्दांचे मूळ व रूपे, वाक्यरचना असे स्वतंत्र भाग पाडलेले असत. परक्या भाषेचे नियम मुलांनी घोकावे आणि घरच्या भाषेस मात्र नियमच नाहीत असे समजावे, हे या तरुणास पटले नाही. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले होते. पण ते इंग्रजीत, साहेबलोकांसाठी!

दादोबांनी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर काम आरंभिले. तथापि तो साचा जसाच्या तसा बसेना. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना बहुधा लिंगभेद नाही. आपला मात्र कागद तो, वही ती आणि पुस्तक ते. शब्दाचे मूळ पाहिल्यावाचून शुद्ध लिहिणेही कठीणच. मुलांनो, पूल आणि दूत हे शब्द पाहा. दोहोंत ऊकार दीर्घ आहे. परंतु फारसीतून आलेला पूल पुलावर असे लिहिताना ह्रस्व होतो. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला दूत मात्र दूताला असे लिहितानाही दीर्घच राहतो. अशा भाषेस नियमांत बसविणे हे काही सोपे काम नव्हे.

१८३६ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, दादोबांनी आपले मराठी व्याकरण प्रसिद्ध केले. त्याच सुमारास इतर विद्वानांनीही व्याकरणे लिहिली. पण शाळांतून पुष्कळ वर्षे चालले ते दादोबांचे. पुढे १८५० साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. लोक त्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणू लागले.

पुढे ते सुरतेस शिक्षक झाले व तेथे १८४४ साली मानवधर्मसभा स्थापन झाली. जातिभेद मानू नये असे तिचे मत होते. नंतर मुंबईत परमहंस सभा निघाली; तिचे काम मात्र गुप्तपणे चाले, कारण उघड झाल्यास वाळीत पडण्याचे भय होते. सरकारी नोकरीत ते डेप्युटी कलेक्टर झाले व त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबा निवर्तले. त्यांनी आत्मचरित्रही लिहावयास घेतले होते. पण ते अपुरेच राहिले. अ. का. प्रियोळकर यांनी ते १९४७ साली छापून काढले आणि उरलेल्या आयुष्याची हकीकत स्वतः लिहून त्यास जोडली.