इंजिन एकाचे, सांगाडा दुसऱ्याचा : ग्लेन कर्टिस

ग्लेन हॅमंड कर्टिस हे नाव आपल्या कॅडेटांच्या कानावर येते ते विमानांच्या संदर्भात. अमेरिकेच्या नौदलाने पहिले विमान घेतले ते त्याच्याकडून, आणि पहिल्या महायुद्धात तिकडचे बहुतेक वैमानिक ज्या ‘जेनी’वर शिकले तीही त्याच्याच कारखान्याची. पण मी वर्कशॉपचा हॉबी क्लास घेणारा माणूस. मला कर्टिस जवळचा वाटतो तो मोटारसायकलवाला म्हणून. दरवर्षी नववी-दहावीतला एखादा तरी कॅडेट माझ्याकडे येतो आणि विचारतो, सर, या गाडीचे इंजिन त्या फ्रेममध्ये बसवून ट्रॅकवर पळवायची गाडी करता येईल का? त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला या माणसाच्या चरित्राइतके चांगले साधन मला सापडलेले नाही.

त्याचा जन्म २१ मे १८७८चा, न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्ट या गावचा. क्यूका नावाच्या तळ्याच्या काठी वसलेले, द्राक्षमळ्यांचे लहानसे गाव. वडील लहानपणीच गेले. धाकटी बहीण रुथा हिला मेंदूच्या तापाने बहिरेपण आले. तिला मूकबधिरांच्या शाळेत घालता यावे म्हणून कुटुंब रॉचेस्टर शहरात गेले. ग्लेनचे स्वतःचे शिक्षण आठवीवर थांबले. त्याने ईस्टमनच्या फोटो-फिल्मच्या कारखान्यात काम धरले आणि पुढे तारघराचा सायकलवाला निरोप्या झाला. कारखान्यात हाताने होणारे छपाईचे एक काम यंत्राने करण्याची युक्ती त्याने पोरवयातच काढली होती. तारा पोहोचवता पोहोचवता सायकल शर्यतीचे वेड लागले. विसाव्या वर्षाच्या आत लग्न झाले आणि गावी परतून त्याने सायकलचे दुकान टाकले.

पायडल मारून जेवढा वेग मिळतो तेवढ्यावर त्याचे समाधान होईना. बफेलो शहरातल्या टॉमस नावाच्या कंपनीकडून त्याने टपालाने इंजिनाचे ओतीव भाग मागवले. ते यायचे तसेच कच्चे. कापायचे, घासायचे, जुळवायचे आपण. कार्बोरेटर सोबत नव्हताच. टोमॅटोच्या रिकाम्या डब्याचा त्याने कार्बोरेटर केला ही गोष्ट प्रसिद्ध आहे आणि आमच्या क्लासमध्ये ती दरवर्षी सांगितली जाते. पहिले इंजिन अशक्त निघाले. त्याने त्याहून मोठे मागवले, तर ते सायकलच्या सांगाड्याला पेलेना. गाडी पळायची खरी, पण चालवणाऱ्याच्या ताब्यात राहायची नाही. तेव्हा त्याने ठरवले की इंजिन आपणच करायचे, हलके आणि दमदार, आणि सांगाडाही त्याच्या मापाने बेतायचा. या गाड्या त्याने प्रथम ‘हर्क्युलिस’ या नावाने विकल्या. ते नाव आधीच दुसऱ्या कोणाचे आहे हे कळल्यावर स्वतःचे आडनाव टाकीवर लिहिले.

दुकानाची जाहिरात तो शर्यतीत उतरून करी. जानेवारी १९०४मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्मंड बीचच्या घट्ट वाळूवर, दोन सिलिंडरच्या गाडीवर त्याने दहा मैल ८ मिनिटे ५४.४ सेकंदांत कापले. ताशी ६७ मैलांचा हा वेग त्या काळी अनेक मोटारींनाही झेपणारा नव्हता.

याच इंजिनाने त्याचे आयुष्य बदलले. टॉमस बाल्डविन हा फुगे उडवणारा कसरतपटू कॅलिफोर्नियात हवाई जहाज बांधत होता. त्याला हवे होते वजनाला कमी आणि भरवशाचे इंजिन. त्याने कर्टिसची मोटारसायकल पाहिली आणि तसलेच इंजिन मागवले. ‘कॅलिफोर्निया ॲरो’ हे त्याचे जहाज ऑगस्ट १९०४मध्ये ओकलंडला आकाशात फिरून जागेवर परत आले. एक इंजिन दोन चाकांवरून उचलून फुग्याखाली टांगले गेले. कर्टिसने त्याआधी विमानविद्येचा विचार केल्याची खूण दिसत नाही. पण लवकरच हॅमंड्सपोर्टला उडणाऱ्या लोकांच्या मागण्या येऊ लागल्या. त्यांच्यासाठी त्याने आठ सिलिंडरचे, व्ही आकाराचे, हवेने थंड होणारे सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन बांधले. त्याची धारणा ४.४ लिटरच्या आसपास होती. आपल्याकडच्या ३५० सीसीच्या बुलेटशी ताडून पाहा, म्हणजे आकार डोळ्यांसमोर येईल.

हे इंजिन त्याने मोटारसायकलच्या सांगाड्यात बसवले.

इथे थोडे थांबून यंत्राकडे पाहू, कारण कॅडेटांचा प्रश्न नेमका इथला आहे. इतके लांब इंजिन नेहमीच्या फ्रेममध्ये मावतच नाही, म्हणून सांगाडा लांब करावा लागला. त्या काळच्या गाड्यांना चामड्याचा पट्टा किंवा चेन असे. ४० अश्वशक्तीचा झटका त्यातले काहीच सहन करणार नव्हते. म्हणून कर्टिसने इंजिनाचा दांडा मागच्या चाकापर्यंत नेला आणि बेव्हल गिअरने चाक फिरवले. मध्ये युनिव्हर्सल जॉइंट घातला, कारण धावताना फ्रेम थोडी तरी वाकते आणि सरळ कडक दांडा त्यात टिकत नाही. आता अडचण पाहा. क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरते, त्यामुळे प्रत्येक वेळी थ्रॉटल दिला की इंजिन गाडीला एका कुशीवर ढकलते. चाके सायकलच्या वंशातली, ब्रेक नावापुरते, आणि मागे सस्पेन्शन नाही. सगळी मिळून गाडी सुमारे १२५ किलो वजनाची. ताकद एका युगाची आणि सांगाडा दुसऱ्या युगाचा, अशी ती जोडी होती.

२४ जानेवारी १९०७ रोजी, ऑर्मंड बीचवरच, अधिकृत शर्यती आटोपल्यावर तो या गाडीवर बसला. असल्या यंत्रासाठी कोणता वर्गच नव्हता, म्हणून नियमांच्या बाहेरची धाव. वेग पकडायला दोन मैल मोकळे ठेवले होते. तो टाकीवर आडवा झाला. मोजलेला एक मैल त्याने २६.४ सेकंदांत पार केला. ताशी १३६ मैलांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटर. दर सेकंदाला ६१ मीटर. आपले फुटबॉलचे मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन सेकंदही न लागता संपले असते. त्या दिवशी पृथ्वीवर याहून वेगाने गेलेला माणूस नव्हता, आगगाडीतला नव्हे की मोटारीतलाही नव्हे.

परतीच्या धावेत युनिव्हर्सल जॉइंट तुटला. सुटलेला दांडा पायांशी गरगरू लागला आणि फ्रेम वाकली. तशा अवस्थेत त्याने गाडी आवरली आणि सुखरूप उतरला. दुसरी धाव पुरी झाली नाही, त्यामुळे विक्रमाची अधिकृत नोंद झाली नाही. वृत्तपत्रांनी त्याला जगातला सर्वांत वेगवान माणूस म्हटले, पण त्याने त्या गाडीवर पुन्हा तसा प्रयत्न केला नाही. मला हा भाग विक्रमापेक्षा मोठा वाटतो. तुटलेल्या जागी जाड जॉइंट घालून पुढच्या आठवड्यात परत यायचा मोह किती जणांना आवरला असता? त्याला यंत्राने सांगितले होते की इंजिन उत्तम आहे, पण घर चुकीचे आहे.

मग त्याने इंजिनाला दुसरे घर शोधले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विमानप्रयोगांसाठी पाच जणांचे मंडळ काढले. त्यात कर्टिस इंजिनांचा जाणकार म्हणून आला. आणखी एक सभासद होता अमेरिकी सैन्याचा तरुण अधिकारी लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज. १२ मार्च १९०८ रोजी ‘रेड विंग’ गोठलेल्या क्यूका तळ्यावरून उडाले आणि पाच दिवसांनी मोडले. मागोमाग ‘व्हाइट विंग’ झाले, तेही मे महिन्यात मोडले. सांगाडे मोडत होते, ४० अश्वशक्तीच्या आठ सिलिंडरी इंजिनाची जात तीच राहत होती. तिसरे ‘जून बग’. ४ जुलै १९०८ रोजी कर्टिसने ते स्वतः चालवून लोकांसमोर दीड किलोमीटरच्या वर उड्डाण केले आणि एक किलोमीटरसाठी ठेवलेला ‘सायंटिफिक अमेरिकन’चा करंडक जिंकला. हवेने थंड होणारे इंजिन लांबच्या उड्डाणात तापते हा धडा मिळाल्यावर मंडळाच्या पुढच्या ‘सिल्व्हर डार्ट’ला पाण्याने थंड होणारे इंजिन बसले.

सेल्फ्रिज मात्र ते पाहायला राहिला नाही. १७ सप्टेंबर १९०८ रोजी फोर्ट मायर येथे तो ऑरव्हिल राइटच्या विमानात निरीक्षक म्हणून बसला होता. पंखा तडकला, विमान कोसळले. यंत्रविमानाच्या अपघातात मरण पावलेला तो जगातला पहिला माणूस आणि तो गणवेशातला होता.

पुढची वर्षे भराभर सांगतो. ऑगस्ट १९०९मध्ये फ्रान्समधल्या रँस इथे कर्टिस एकच विमान घेऊन गेला आणि गॉर्डन बेनेट करंडकात ब्लेरियोला जेमतेम सहा सेकंदांनी हरवून आला. २९ मे १९१०ला त्याने ऑल्बनीहून न्यूयॉर्कपर्यंत हडसन नदीवरून उड्डाण केले आणि १० हजार डॉलरचे बक्षीस घेतले. नोव्हेंबर १९१०मध्ये यूजीन ईली कर्टिसच्या विमानातून ‘बर्मिंगहॅम’ युद्धनौकेवरून उडाला आणि जानेवारी १९११मध्ये ‘पेन्सिल्व्हेनिया’वर उतरला. विमानवाहू नौकांची सुरुवात ती हीच. सॅन डिएगोला कर्टिसने लष्कर व नौदलाच्या अधिकाऱ्यांना उड्डाण शिकवायला सुरुवात केली, तीही त्याच हिवाळ्यात. अमेरिकी नौदलाचा पहिला वैमानिक लेफ्टनंट एलिसन त्याच्याच हाताखाली तयार झाला. मे १९१९मध्ये अटलांटिक ओलांडणारे पहिले विमान ‘एनसी-४’ हेही कर्टिसच्या कारखान्याशी निगडित होते.

आता एक काळी बाजू, जी चरित्रांच्या पानांवर बरेचदा गाळतात. राइट बंधूंनी त्याच्यावर पेटंटचा दावा लावला होता आणि जानेवारी १९१४मध्ये तो राइटांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी कर्टिसने स्मिथसोनियन संस्थेच्या संमतीने प्राध्यापक लँग्ली यांचे १९०३ साली नदीत पडलेले विमान पुन्हा जोडले आणि उडवून दाखवले. राइटांच्या आधी उडू शकणारे यंत्र होते असे सिद्ध झाले, असा बोभाटा झाला. पण जोडताना पंखांत, आधारांत आणि इतरत्र बरेच बदल केले होते आणि ते सरळ सांगितले गेले नाहीत. ऑरव्हिल राइट इतका दुखावला की त्याने आपले मूळ विमान १९२८मध्ये लंडनला पाठवून दिले. स्मिथसोनियनने बदलांची कबुली द्यायला १९४२ उजाडले आणि ते विमान मायदेशी परत आले १९४८मध्ये. कर्टिसच्या हुशारीचा मी चाहता आहे, तरी या प्रकरणात त्याची बाजू मला घेता येत नाही. दुसऱ्याच्या सांगाड्यात आपण काय बदलले हे वहीत नसेल, तर त्या चाचणीला कसलीच किंमत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये वही नसलेल्याला पाना मिळत नाही याचे कारण कॅडेटांना आता कळेल.

पालकांनी विचारले म्हणून इथेच सांगतो. आरटीओच्या परवानगीवाचून इंजिन बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि आमच्याकडची गाडी शाळेच्या आवाराबाहेर जाणारही नाही. फ्रेमवर आधी कच्चे माउंटिंग करायचे, चेन दोन्ही स्प्रॉकेटांवर सरळ रेषेत बसते का ते सूत धरून पाहायचे, इंजिनाचे वजन आधीपेक्षा किती वर आणि किती पुढे गेले ते मोजायचे, आणि ब्रेक नव्या ताकदीला पुरतील असे झाल्याशिवाय पेट्रोल घालायचे नाही. यंदाच्या तुकडीचे काम सूत धरण्यापर्यंत आले आहे.

कर्टिसच्या आठ सिलिंडरी घराण्याचे पुढचे इंजिन म्हणजे ९० अश्वशक्तीचे ‘ओएक्स-५’, ‘जेनी’तले. युद्ध संपल्यावर ही इंजिने ढिगाने स्वस्तात निघाली आणि अमेरिकेत कितीतरी नव्या कंपन्यांनी आपापल्या विमानांत ती बसवली. आपल्याशीही त्या नावाचा एक धागा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४०च्या डिसेंबरात बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, तेव्हा तिथे जोडल्या गेलेल्या पहिल्या लढाऊ विमानांत कर्टिस कंपनीचे ‘हॉक’ होते.

तोवर तो स्वतः नव्हता. विसाच्या दशकात तो फ्लोरिडात जमिनी घेऊन गावे वसवण्यात रमला होता. १९२९मध्ये त्याची कंपनी आणि राइटांच्या नावाची कंपनी एक झाल्या, इतकी वर्षे कोर्टात भांडून. २३ जुलै १९३० रोजी बफेलोत, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने त्याचे निधन झाले. वय ५२. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३१ ऑगस्टला, जो राइट नावाच्या इंग्रज स्वाराने फ्रान्समध्ये आर्पाजोंच्या रस्त्यावर ताशी १३७ मैलांचा वेग गाठला आणि ऑर्मंड बीचचा तेवीस वर्षांपूर्वीचा आकडा मोटारसायकलवर प्रथमच मागे पडला. त्या गाडीचा सांगाडा ओईसी या कारखान्याचा होता आणि इंजिन जॅप या दुसऱ्याच कारखान्याचे.