चित्रकार राजा रविवर्मा

मलकापूर-कऱ्हाडच्या बाजूस एखाद्या जुन्या घरीं गेलें असतां, कमळावर उभी असलेली लक्ष्मी किंवा वीणा हातीं घेतलेली सरस्वती माजघरांतील तसबिरींत पुष्कळदां दृष्टीस पडते. तिचें लुगडें, अलंकार व शांत मुद्रा आपल्या इतक्या परिचयाचीं झालीं आहेत कीं, देवीचें रूप असेंच असावयाचें असें आपण धरून चालतों. परंतु हें रूप एका मनुष्यानें मोठे श्रम व मोठें द्रव्य वेचून सिद्ध केलेलें आहे. त्या चित्रकाराचें चरित्र आमच्या वाचकांस थोडक्यांत सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रविवर्मा यांचा जन्म ता. २९ एप्रिल १८४८ रोजीं त्रावणकोर संस्थानांतील किळिमानूर येथें झाला. त्यांचे मातुल राजराजवर्मा हे स्वतः चित्रें काढीत. भाच्याचा ओढा ओळखून त्यांनींच त्यास पहिले धडे दिले, व चौदाव्या वर्षीं त्रिवेंद्रम येथें आयिल्यम् तिरुनाळ महाराजांच्या आश्रयास नेलें. तैलरंगांची विद्या त्या काळीं आपल्याकडे नवी होती. ती जाणणारे दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांनीं ती शिकविण्याचें नाकारलें. पुढें १८६८ सालीं थिओडोर जेन्सन नांवाचे युरोपीय चित्रकार तेथें आले. त्यांनींही शिष्य म्हणून स्वीकार केला नाहीं. केवळ आपण काम करीत असतां पाहण्याची मुभा दिली. रविवर्म्यांस तेवढी पुरे झाली. पाहावें, घरीं येऊन करून पाहावें, बिघडलें तर पुसून पुन्हा आरंभ करावा, अशा रीतीनें त्यांनीं ती विद्या हस्तगत केली. एकलव्याची कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच.

या उद्योगाचें फळ लवकरच मिळालें. वेणींत जाईचीं फुलें माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्रास १८७३ सालीं मद्रासच्या प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें. पुढें पत्रलेखन करणाऱ्या शकुंतलेचें चित्र मद्रासच्या गव्हर्नरांनीं विकत घेतलें. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं तर पौराणिक विषयांवरील चौदा चित्रें काढण्याचें काम त्यांजकडे सोंपविलें.

या कामांत एक विलक्षण अडचण उभी राहिली. सीता, द्रौपदी, दमयंती यांचे वेष कसे होते? आपले धाकटे बंधु सी. राजराजवर्मा यांस बरोबर घेऊन रविवर्म्यांनीं उत्तर हिंदुस्थानाचा प्रवास केला, पुराणवस्तु पाहिल्या. परंतु सर्व प्रांतांस मान्य होईल असा एकही प्राचीन वेष सांपडला नाहीं. तेव्हां त्यांनीं आपल्या स्त्रियांचें लुगडेंच पौराणिक नायिकांस नेसविलें, आणि मुखासाठीं व अंगाच्या ठेवणीसाठीं जिवंत स्त्रियांस समोर बसवून चित्रें काढलीं.

अशी कल्पना अन्य देशांतही दिसते. जपानांत अठराव्या शतकांत हारुनोबु, उतामारो इत्यादि चित्रकारांनीं आपल्या नगरांतील सुंदर स्त्रिया चालू वेषांतच दाखविल्या, आणि हातांतील एखाद्या वस्तूनें किंवा बसण्याच्या ढबीनें जुन्या वीरकथांची व काव्यांची सूचना केली. पाहणारानें ती खूण ओळखावयाची, यांतच त्यांची मौज होती. तीं चित्रें लाकडी ठशांवर, प्रत्येक रंगास निराळा ठसा घेऊन, छापिलीं जात. म्हणून तीं सामान्य नागरिकांसही परवडत.

रविवर्म्यांचीं मूळ चित्रें मात्र राजवाड्यांत बंदिस्त होतीं. बडोद्याचीं चित्रें मुंबईस मांडलीं तेव्हां तीं पाहावयास लोकांची रीघ लागली. दिवाण सर टी. माधवराव यांनीं या चित्रांच्या छापील प्रती काढाव्या अशी सूचना पूर्वींच केली होती. तदनुसार १८९४ सालीं गिरगांवांत जर्मन यंत्रें व कारागीर आणून छापखाना स्थापन झाला. तेथें लाकडाऐवजीं गुळगुळीत दगड वापरीत. चित्रांतील रंग वेगळे करून प्रत्येकासाठीं एकेक दगड तयार करावयाचा, व एकाच कागदावर क्रमानें सारे ठसे अचूक जुळवावयाचे, असें हें किचकट काम होतें. पहिलें चित्र निघालें तें शकुंतलाजन्माचें.

त्या काळीं आपल्याच समाजांतील लाखों लोकांस देवळाची पायरी चढण्याची मनाई होती. रविवर्म्यांच्या स्वतःच्या त्रावणकोरांत ती मनाई १८३६ नव्हे, तर १९३६ सालीं उठली! अशा लोकांच्या झोंपडींतही छापील लक्ष्मी कोणाची परवानगी न घेतां जाऊन बसली, हें या छापखान्याचें खरें कार्य होय असें आम्हांस वाटतें.

परंतु धंदा म्हणून तो बुडीत गेला. मुंबईंत प्लेग आला. छापखाना कार्ल्याजवळ मळवली येथें हलविला. कर्ज वाढत गेलें. अखेर १९०१ च्या सुमारास फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास तो विकावा लागला. त्याच्या हातीं तो भरभराटला, व १९७२ सालीं आगींत नष्ट झाला. चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके यांनींही आरंभीं या छापखान्यासाठीं काम केलें होतें.

टीकाकारही थोडे नव्हते. या नायिका नाटकी आहेत, पुराणांतील तेज त्यांच्यांत नाहीं, असा आक्षेप बंगालकडील कलाभिज्ञांनीं घेतला. त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि दमयंतीचें दुःख घरच्या लेकीच्या मुद्रेवर दिसलें, म्हणूनच तें साध्या माणसास कळलें, हेंही विसरतां येत नाहीं.

१९०५ सालीं धाकटे बंधु वारले. त्यांच्या वियोगानें खचलेले रविवर्मा ता. २ ऑक्टोबर १९०६ रोजीं किळिमानूर येथें निवर्तले. आपल्या सातारा जिल्ह्यांतच औंध येथें बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं स्थापिलेल्या संग्रहालयांत त्यांच्या हातचीं मूळ चित्रें आहेत. विद्यार्थ्यांनीं तीं एकवार अवश्य पाहावीं. आणि शिकविण्यास कोणी तयार नसतां केवळ डोळे उघडे ठेवून जो शिकला, त्याचें स्मरण करावें.