शस्त्रक्रियेनंतरचा माणूस : थिओडोर कोखर

शल्यगृहात काम करणाऱ्या कोणत्याही परिचारिकेला ‘कोखर’ हे नाव परिचित असते. टोकाला बारीक दात असलेला, रक्तवाहिनी व ऊती घट्ट पकडून ठेवणारा चिमटा याच नावाने मागितला जातो. निखळलेला खांदा जागेवर बसवण्याची एक रीत आणि पोटावरील एक विशिष्ट छेदही याच नावाने ओळखले जातात. ज्यांचे हे नाव, त्या डॉ. थिओडोर कोखर यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कार्याचा आरंभ मात्र एका अपयशातून झाला. ते अपयश झाकून ठेवणे सहज शक्य असताना त्यांनी ते स्वतः शोधून काढले आणि भर सभेत जगापुढे मांडले. त्यांच्या चरित्रातील हे प्रकरण आजही प्रत्येकाने आवर्जून वाचावे असे आहे.

कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झाला. वडील अभियंता होते. आई अत्यंत धर्मनिष्ठ. नीटनेटकेपणा, काटेकोरपणा आणि ईश्वरनिष्ठा यांचा वारसा त्यांना घरातूनच मिळाला व तो त्यांनी अखेरपर्यंत जपला. बर्न विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतल्यावर ते युरोपातील नामवंत शल्यविशारदांचे काम पाहण्यासाठी परदेशी हिंडले. परतल्यावर बर्नच्या शल्यचिकित्सा विभागात ते साहाय्यक झाले. १८७२ मध्ये तेथील प्राध्यापकपद रिक्त झाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि स्थानिक डॉक्टरांनी त्यांच्या नावाचा आग्रह धरला. अवघ्या तिसाव्या वर्षी ते प्राध्यापक व शल्यविभागप्रमुख झाले. पुढे मोठमोठ्या विद्यापीठांची बोलावणी आली. परंतु त्यांनी बर्न सोडले नाही. पंचेचाळीस वर्षे ते एकाच रुग्णालयात राहिले.

त्या काळी आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत गलगंड हा घरोघरीचा आजार होता. मानेच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथी असते. ती सुजून लिंबाएवढी, कधी नारळाएवढी होई. श्वास कोंडे, घास गिळणे अवघड होई, आणि काही रुग्ण गुदमरून दगावत. या ग्रंथीचे शरीरात नेमके काम काय, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. ती कापून काढावी, तर तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. हात लावताच रक्ताचा लोंढा सुरू होई आणि रुग्ण मेजावरच प्राण सोडी. त्यामुळे शहाण्या शल्यविशारदाने गलगंडाच्या वाटेला जाऊ नये, असेच बहुतेक थोर मंडळींचे मत होते.

कोखर यांनी हे मत प्रमाण मानले नाही. जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत त्यांनी आपलीशी केली. त्या काळी शल्यविशारदाची कीर्ती त्याच्या वेगावर ठरत असे. कोखर मात्र सावकाश, थर थर उलगडत काम करीत. प्रत्येक रक्तवाहिनी आधी ओळखायची, धरायची, बांधायची आणि मगच पुढे सरकायचे, ही त्यांची शिस्त. पाहायला आलेल्या पाहुण्यांना ती कधी कधी कंटाळवाणी वाटे. पण त्या संथपणामुळे रुग्ण जगत. संपूर्ण ग्रंथी स्वच्छ काढून टाकण्याइतके त्यांचे कौशल्य वाढले. जखमा सुरेख भरत, रुग्ण हसतमुखाने घरी जात आणि नोंदवहीत शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याची नोंद होई.

अशाच रुग्णांपैकी एक होती अकरा वर्षांची मुलगी. जानेवारी १८७४ मध्ये तिची संपूर्ण ग्रंथी काढण्यात आली. पुढे तिच्या भागातील डॉक्टरांनी कळवले, की पूर्वीची चुणचुणीत मुलगी आता मंद व सुस्त झाली आहे. त्या एका बातमीचा अर्थ त्या वेळी उलगडला नाही. वर्षे लोटली. सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हाचे शल्यविशारद जाक-लुई रेव्हर्दाँ यांची कोखर यांच्याशी भेट झाली. संपूर्ण ग्रंथी काढलेले आपले काही रुग्ण काही महिन्यांनी फिकट, सुजलेले व मंदबुद्धी होत चालल्याचे रेव्हर्दाँ यांनी सांगितले. कोखर यांना ती जुनी बातमी आठवली असणारच.

बर्नला परतल्यावर त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना निरोप धाडले आणि पुन्हा तपासणीसाठी बोलावले. कोणाची तक्रार नव्हती, कोणी जाब विचारला नव्हता. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी अठरा जण त्यांना पाहायला मिळाले. त्यांतील सोळा जणांची प्रकृती कमी-अधिक ढासळलेली होती. चेहरे सुजलेले, कातडी कोरडी, केस विरळ, बोलणे जड, हातापायांना गारठा आणि विचारांना मांद्य. जे दोघे धडधाकट राहिले, त्यांच्या गळ्यात ग्रंथीचा काही अंश पुन्हा वाढलेला होता. ती अकरा वर्षांची मुलगी आता वयात आली होती. शस्त्रक्रियेपूर्वी जिच्यात आणि हिच्यात फरक ओळखू येत नसे, ती धाकटी बहीण आता उंच, सुदृढ तरुणी झाली होती; ही मात्र तशीच खुजी, आणि चेहऱ्यावर समज नसलेली. दोघी बहिणी शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा शल्यविशारदाला आपल्या कामाचा खरा निकाल दिसला.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिन येथे जर्मन शल्यविशारदांची परिषद भरली. तेथे कोखर यांनी आपल्या शंभरावर गलगंड-शस्त्रक्रियांचा वृत्तान्त मांडला. कौतुकाचे आकडे त्यात होतेच. पण त्याबरोबर त्यांनी या सोळा जणांची अवस्थाही सविस्तर वर्णन केली आणि ती आपल्या शस्त्रक्रियेतून उद्भवली, हे मान्य केले. साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी यापुढे काढायची नाही, काही भाग राखून ठेवायचा, असा निर्णयही त्यांनी जाहीर केला.

कारणमीमांसेत मात्र ते प्रथम चुकले. श्वासनलिकेला इजा होऊन शरीराला हवा कमी पडत असावी, अशी त्यांची कल्पना होती. लंडनचे फेलिक्स सेमन यांनी त्याच वर्षी वेगळा विचार मांडला : ग्रंथी काढलेल्यांची अवस्था, प्रौढ स्त्रियांमध्ये आढळणारा मिक्सिडीमा हा विकार आणि डोंगराळ भागातील खुज्या, मतिमंद मुलांची स्थिती या तिन्हींचे मूळ एकच, अवटू ग्रंथीचा अभाव. सुरुवातीला या मताची उपेक्षा झाली. पुढे पुरावा साचत गेला आणि तेच खरे ठरले. कोखर यांनीही ते स्वीकारले.

या कथेतील सर्वांत बोचरी गोष्ट वेगळीच आहे. कोखर शिक्षण घेत होते त्या सुमारास याच बर्नमध्ये मोरिट्झ शिफ नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ प्राध्यापक होते. कुत्र्यांची अवटू ग्रंथी काढली असता ती मरतात, हे त्यांनी प्रयोगाने पाहिले होते. ते ज्ञान प्रयोगशाळेतच राहिले. शल्यगृहापर्यंत पोहोचले नाही. शरीराचे कार्य अभ्यासणारे एका इमारतीत आणि शरीर कापणारे दुसऱ्या इमारतीत, अशी ती परिस्थिती होती. दोहोंतील भिंतीची किंमत रुग्णांनी चुकवली. ती भिंत पाडणे, हेच कोखर यांच्या उत्तरायुष्याचे कार्य झाले.

१८८३ मध्येच त्यांनी ग्रंथीचा तुकडा रुग्णाच्या शरीरात रोवून पाहिला. हरवलेले कार्य परत मिळवण्यासाठी अवयवाची ऊती रोवण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न. त्याचा गुण टिकाऊ ठरला नाही, पण दिशा योग्य होती. १८९१ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून मिक्सिडीमाच्या रुग्णाला बरे केले, आणि ग्रंथीविना जगणाऱ्यांसाठी आशेचे दार उघडले.

अमेरिकेचे विल्यम हॉलस्टेड यांनी या काळातील एक कोडे मार्मिकपणे सोडवले. व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथ यांच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर हातापायांचे आचके येत. कोखर यांच्या रुग्णांना मिक्सिडीमा होई. असे का? बिलरोथ झपाट्याने काम करीत. त्यात अवटू ग्रंथीचे तुकडे मागे राहत. पण तिच्या मागील बाजूस चिकटलेल्या, रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या ग्रंथी निघून जात. कोखर यांच्या काटेकोर हातांनी त्या चिमुकल्या ग्रंथी वाचत, पण अवटू ग्रंथी समूळ जाई. म्हणजे कोखर यांच्या रुग्णांचे नुकसान त्यांच्या निष्काळजीपणातून झाले नव्हते. ते त्यांच्या निर्दोष कौशल्यातूनच झाले होते. शरीराच्या कार्याचे ज्ञान नसेल, तर हाताचे कौशल्यही घात करते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

पुढील काळात कोखर यांच्या प्रत्येक निर्णयामागे शरीरक्रियेचा विचार दिसतो. गलगंडाने दबलेल्या श्वासनलिकेच्या रुग्णाला क्लोरोफॉर्म देणे धोक्याचे, म्हणून त्यांनी कोकेनने तेवढीच जागा बधिर करण्याची पद्धत वापरली. शुद्धीवर असलेला रुग्ण बोलू शकतो, आणि आवाजाच्या नसेला धक्का लागला तर तो तत्काळ कळतो. ज्यांची ग्रंथी अतिरेकी काम करते, त्यांचे हृदय आधीच धावत असते. एकदम मोठा आघात ते सोसू शकत नाही. अशा रुग्णांत ते आधी ग्रंथीकडे जाणाऱ्या काही रक्तवाहिन्या बांधीत, प्रकृती सावरू देत आणि मग टप्प्याटप्प्याने पुढची शस्त्रक्रिया करीत. १९०० मध्ये हार्वे कुशिंग हा तरुण अमेरिकी शल्यविशारद बर्नला आला, तेव्हा कोखर यांनी त्याला शस्त्र हाती न देता एक प्रश्न दिला : मेंदूवर दाब वाढला की रक्ताभिसरणाचे काय होते? शरीरक्रियाशास्त्रज्ञ ह्यूगो क्रोनेकर यांच्या प्रयोगशाळेत काम करून कुशिंग यांनी दाखवले, की कवटीतील दाब वाढत जातो तसतसा रक्तदाबही चढत जातो, जेणेकरून मेंदूचा रक्तपुरवठा तुटू नये. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची नाडी मंदावून रक्तदाब चढू लागला की डॉक्टर आजही सावध होतात, ते याच शोधामुळे.

१९०९ मध्ये कोखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले शल्यविशारद. पारितोषिक मिळाले ते अवटू ग्रंथीच्या शरीरक्रिया, विकृती व शस्त्रक्रियेवरील कार्यासाठी. त्यात शरीरक्रियेचा उल्लेख पहिला, हे लक्षणीय आहे. १९१२ पर्यंत त्यांच्या विभागात सुमारे ५००० गलगंड-शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले होते. दूरदूरचे रुग्ण बर्नला येत. १९१३ मध्ये लेनिन यांची पत्नी क्रुप्स्काया यांची शस्त्रक्रियाही त्यांनीच केली. वृद्धपणीही त्यांनी काम थांबवले नाही. २७ जुलै १९१७ रोजी बर्नमध्येच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात पाच वर्षांनी, १९२२ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये मिठात आयोडीन मिसळण्यास प्रारंभ झाला आणि जो गलगंड कापण्यात कोखर यांनी आयुष्य वेचले, तो हळूहळू दिसेनासा होऊ लागला. भारतातही हिमालयाच्या पायथ्याशी हाच आजार पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता. कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा दीर्घ प्रयोग केला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज स्वयंपाकघरातील मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द छापलेला असतो, त्यामागे दोन खंडांतील अनेकांचे असे परिश्रम आहेत.

कोखर यांच्या नावाची हत्यारे बदलतील, पद्धती मागे पडतील. त्यांनी जुन्या रुग्णांना धाडलेला निरोप मात्र जुना होणार नाही. आपल्या हातून गेलेला माणूस पुढे कसा जगला, हे विचारण्याचे धैर्य थोड्यांकडे असते. उत्तर प्रतिकूल आले तरी ते ऐकून आपली रीत बदलणारे त्याहून थोडे. रुग्णालय असो वा शाळा, दारातून बाहेर पडताना माणूस बरा दिसतो, गुणपत्रकही चांगले असते. खरी परीक्षा त्यानंतर, वर्षांनी होते. जी संस्था आपल्या माणसांना पुन्हा बोलावते, त्यांच्याकडे निरखून पाहते आणि दिसेल ते प्रामाणिकपणे स्वीकारते, तिला आपल्या कार्याचा खरा हिशेब मिळतो.