बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी मुलामुलींचे सामने होतात आणि पारितोषिक-वितरणाच्या वेळी विजयी संघांची नावे टाळ्यांच्या गजरात वाचली जातात. पराभूतांची यादी वाचण्याची प्रथा कोठेच नाही, आमच्याकडेही नाही. यंदा स्मरणिकेसाठी एखाद्या क्रीडापुरुषाचे चरित्र द्यावे असे ठरले, तेव्हा आमच्यापुढे आलेले नाव मोठे विलक्षण होते. त्या गृहस्थांनी जो खेळ स्वतः निर्माण केला, त्याच खेळात त्यांच्या महाविद्यालयीन संघाच्या खाती 55 विजय आणि 60 पराजय जमा आहेत. तरीही त्या खेळाच्या इतिहासात त्यांच्याइतके आदराने घेतले जाणारे दुसरे नाव नाही. ते नाव म्हणजे डॉ. जेम्स नेस्मिथ.

नेस्मिथ यांचा जन्म 6 नोव्हेंबर 1861 रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, आल्माँट गावानजीक झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. 1870 साली विषमज्वराने अल्पावधीतच आई आणि वडील दोघांचेही छत्र हरपले आणि पुढे मामांनी मुलांचा सांभाळ केला. गावच्या मुलांमध्ये तेव्हा एक दगडाचा खेळ चाले. मोठ्या शिळेवर लहान दगड ठेवावयाचा आणि दुरून दगड फेकून तो पाडावयाचा. आमच्या लगोरीची आठवण व्हावी असाच तो प्रकार होता. त्यात जोराने फेकलेला दगड चुकला की फार दूर जाई आणि तो परत आणीपर्यंत गडी पकडला जाई. हलकेच कमान करून टाकलेला दगड मात्र जवळच पडे. ही साधी गोष्ट मुलाच्या मनात राहिली व पुढे तिने मोठे काम केले.

मधली काही वर्षे शाळा सोडून त्यांनी लाकूडतोडीच्या छावण्यांत श्रम केले. मग पुन्हा अभ्यासाला लागून माँट्रिअलच्या मॅक्‌गिल विद्यापीठाची पदवी मिळविली आणि धर्मोपदेशकाचे शिक्षणही पुरे केले. धर्मशास्त्र शिकणाऱ्याने मैदानी झटापटीत उतरावे हे अनेकांना रुचले नाही. नेस्मिथ यांना मात्र माणूस घडविण्याचे काम व्यासपीठाइतकेच मैदानावरही होऊ शकते असे वाटू लागले होते.

1890 साली ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या, म्हणजे वाय. एम. सी. ए.च्या, प्रशिक्षणशाळेत दाखल झाले. पुढील वर्षीच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे 18 विद्यार्थ्यांचा एक वर्ग सोपविण्यात आला. बाहेर बर्फ, आत नित्याचे कवायतीचे प्रकार. वर्ग कंटाळून गेलेला. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी बंदिस्त जागेत खेळता येईल असा नवा खेळ शोधण्याची कामगिरी नेस्मिथ यांच्यावर टाकली. इतर खेळांत मारामारी का होते याचा विचार करता त्यांना दिसले की, चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवावे लागते म्हणून अंगाशी झोंबाझोंबी होते. तेव्हा चेंडू हाती घेऊन धावणेच बंद केले. लक्ष्य समोर उभे असले की चेंडू जोराने मारला जातो, म्हणून ते डोक्यापेक्षा उंच आणि आडवे ठेवले. येथे लहानपणीची ती कमान उपयोगी पडली! रखवालदाराने पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या आणून दिल्या, त्या 10 फुटांवरील सज्जाला ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि डिसेंबर 1891 मध्ये नऊ-नऊ गड्यांचा पहिला सामना झाला. साऱ्या खेळात चेंडू टोपलीत पडला तो एकदाच.

आमच्याकडील हुतुतू, खोखो हे खेळ पिढ्यान्‌पिढ्या अंगणात वाढले आणि त्यांचे नियम मागाहून बांधले गेले. येथे नियम आधी आणि खेळ मागाहून. वाय. एम. सी. ए.च्या शाखा देशोदेशी असल्यामुळे तो थोड्याच वर्षांत दूरवर पोहोचला. स्प्रिंगफील्डलाच शिकलेले हॅरी बक यांनी 1920 मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले, आणि आपल्या देशात या खेळाचा जो प्रसार झाला त्यात त्या संस्थेचा वाटा मोठा होता. मुंबईतील नागपाड्याच्या मैदानांनी पुढे किती नामवंत खेळाडू दिले हे मुंबईकर वाचकांस सांगावयास नको.

नेस्मिथ स्वतः मात्र खेळाच्या मागे धावले नाहीत. ते डेन्व्हरला गेले, तेथे नोकरी सांभाळून वैद्यकाचा अभ्यास केला आणि 1898 साली डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठाने त्यांना लॉरेन्स येथे बोलाविले. विद्यापीठाला प्रार्थनामंदिर चालविणारा आणि व्यायामविभाग पाहणारा असा एकच मनुष्य हवा होता. बास्केटबॉल शिकविण्यासाठी काही त्यांची नेमणूक झालेली नव्हती.

तेथे मुलांनी संघ उभा केला आणि 3 फेब्रुवारी 1899 रोजी कॅन्सस सिटी येथील वाय. एम. सी. ए.च्या संघाशी त्यांचा पहिला सामना झाला. कॅन्ससचे गुण 5, प्रतिपक्षाचे 16. ज्यांनी खेळ शोधून काढला त्यांचाच संघ पहिल्या सामन्यात हरला! आजच्या वाचकांस हे गुण फारच थोडे वाटतील. पण त्या काळी प्रत्येक यशस्वी फेकीनंतर चेंडू पुन्हा मध्यभागी आणून उडविला जाई, त्यामुळे खेळ घडोघडी थांबे. त्या काळच्या प्रतिस्पर्ध्यांत आसपासच्या वाय. एम. सी. ए.चे संघ बहुसंख्य असत. त्यांना या खेळाची सवय अधिक जुनी होती. तरीसुद्धा हंगाम संपला तेव्हा कॅन्ससने 7 सामने जिंकले होते आणि 4 गमावले होते. आरंभीच्या पराभवानंतर मुलांनी एवढी मजल मारावी ही सामान्य गोष्ट नव्हे.

यानंतरच्या हंगामांत मात्र पारडे खाली गेले. 1907 पर्यंत नेस्मिथ यांनी संघ सांभाळला आणि अखेर हिशेब झाला तो आरंभी सांगितलेला. कॅन्ससच्या पुरुष संघाला त्यानंतर जे प्रशिक्षक लाभले त्यांपैकी कोणाच्याही नावावर विजयांपेक्षा पराजय अधिक नाहीत. हा एकच अपवाद, आणि तोही खुद्द जनकांचा. याची खंत त्यांना वाटल्याचे दिसत नाही. सामन्यात ते अनेकदा पंचाचे काम करीत. डावपेच पढवून खेळाडूंना यंत्रासारखे हलवावे हे त्यांना मान्य नव्हते. व्यायामशाळेत त्यांचे लक्ष असे ते मुलांची शरीरे मोजण्याकडे, दुबळ्या मुलाला बळकट करण्याकडे.

त्यांच्याच संघातील एक खेळाडू फॉरेस्ट अ‍ॅलन यांनी हा खेळ शिकविण्याचाच व्यवसाय पत्करण्याचे ठरविले. गुरूंनी त्यांना समजाविले की हा खेळ खेळावयाचा असतो, शिकवावयाचा नसतो. शिष्याने ऐकले नाही. अ‍ॅलन यांनी कॅन्ससमध्ये 39 हंगाम संघ चालविला, 590 सामने जिंकले आणि 1952 साली राष्ट्रीय विजेतेपदही मिळविले. अडॉल्फ रप, डीन स्मिथ यांसारखे पुढील काळातील विख्यात प्रशिक्षक अ‍ॅलन यांच्याच हाताखाली तयार झाले. गुरूचे न ऐकणाऱ्या शिष्याकडूनच गुरुपरंपरा चालावी, असा हा प्रकार आहे. आमच्या मते दोघांचेही खरे होते. पण सामने जिंकावयाचे असतील तर अ‍ॅलन यांचे अधिक खरे होते, हे कबूल केले पाहिजे.

एका प्रसंगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. 1933 साली जॉन मॅक्‌लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससला आला. वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात त्याला प्रवेश नव्हता. वयाची सत्तरी ओलांडलेल्या नेस्मिथ यांनी त्याला आपला विद्यार्थी म्हणून जवळ केले, मार्गदर्शन केले आणि 1936 मध्ये तो शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन बाहेर पडला. कॅन्ससमध्ये ही पदवी मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय. ज्याला एकही सामना खेळू दिला नाही, त्याच मॅक्‌लेंडन यांच्या टेनेसी स्टेट संघाने 1957 ते 1959 असे सलग तीन वर्षे लहान महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. जन्माच्या नात्याने एकत्र आलेल्या आमच्यासारख्या मंडळाने हा परिच्छेद दोनदा वाचावा, असे आम्हांस वाटते.

पहिल्या महायुद्धात नेस्मिथ वाय. एम. सी. ए.तर्फे फ्रान्समध्ये सैनिकांच्या सेवेत होते. 1925 साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. खेळाच्या हक्काचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, आणि संसार बेताचाच राहिला. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच पदकाचे स्थान मिळाले, तेव्हा तेथवर जाण्याचा खर्च अमेरिकेतील प्रशिक्षकांच्या संघटनेने वर्गणी काढून उभा केला. अंतिम सामना उघड्या मातीच्या मैदानात भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. जन्मभूमी कॅनडा आणि कर्मभूमी अमेरिका समोरासमोर होत्या. अमेरिकेने 19 विरुद्ध 8 गुणांनी सामना जिंकला आणि पदके वृद्ध नेस्मिथ यांच्या हस्ते देण्यात आली.

पुढील वर्षी त्यांच्या पत्नी मॉड निवर्तल्या. स्प्रिंगफील्ड येथे स्त्रियांच्या अगदी आरंभीच्या सामन्यांत खेळलेल्या तरुणींपैकी त्या एक होत. त्याच वर्षी नेस्मिथ निवृत्त झाले आणि 28 नोव्हेंबर 1939 रोजी लॉरेन्स येथे त्यांचे देहावसान झाले. खेळाच्या जन्मकथेवरील त्यांचा ग्रंथ 1941 मध्ये, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला.

ज्या तेरा नियमांपासून त्यांनी एक पैसाही मिळविला नाही, त्यांचे मूळ टंकलिखित कागद डिसेंबर 2010 मध्ये 43 लाख डॉलरांहून अधिक किमतीला लिलावात विकले गेले. कॅन्सस विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने ते घेतले, आणि ते लॉरेन्सला परत आले. तेथील क्रीडागृह 1955 साली उघडले. त्याला नाव अ‍ॅलन यांचे आहे. आतील ज्या जमिनीवर मुले खेळतात, तिला नेस्मिथ यांचे.