प्लेगचे नाव घेणारा डॉक्टर

मुंबईत प्लेग शिरला आहे, हे पहिल्यांदा जाहीरपणे सांगितले ते डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. १८५६ साली गोव्यात, बार्देशातील हडफडे येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि मांडवी भागात रुग्ण तपासू लागले. महापालिकेचेही ते सदस्य होते.

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मांडवीतील धान्याच्या वखारींच्या वस्तीत विचित्र तापाचे रुग्ण दिसू लागले. सडकून ताप, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आणि काही दिवसांत मृत्यू. व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि २३ सप्टेंबरला पालिकेच्या स्थायी समितीत तो गाठीचा प्लेग असल्याचे सांगून टाकले.

हे धाडसाचे होते. मुंबई बंदरावर जगणारे शहर. प्लेगचा बोभाटा झाला, तर परदेशी बंदरे इथल्या जहाजांना अडवणार आणि व्यापार बुडणार. त्यामुळे सुरुवातीला 'संशयास्पद ताप' असे मवाळ शब्द वापरले जात होते. शिवाय डोळ्यांना दिसणारी लक्षणे हा पक्का पुरावा नव्हता. प्लेगचा जीवाणू अलेक्झांडर येर्सिन यांनी दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये शोधला होता. गाठीतला द्रव काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, जीवाणू वाढवायचा, मग खात्री करायची. तोवर साथ थांबत नव्हती.

कॉलऱ्याच्या लशीमुळे नावाजलेले वाल्देमार हाफकिन यांना मुंबईत बोलावण्यात आले. त्यांनी तयार केलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. व्हिएगस यांनी लसीकरणाचे आणि वस्त्यांच्या सफाईचे काम अंगावर घेतले. पण तोवर लाखो लोक शहर सोडून गेले होते. वांद्र्याच्या जुन्या गावठाणांत त्या साथीत उभारलेले क्रूस आजही दिसतात. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले.

पुढे १९०६ मध्ये व्हिएगस महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

संशय आणि खात्री यांच्यातले अंतर कमी करणे, हेच आजच्या बायोसेन्सरचे काम. विशिष्ट जंतूलाच चिकटणारे प्रतिपिंड किंवा डीएनएचा तुकडा एका पृष्ठभागावर बसवलेला असतो. नमुन्यात तो जंतू असेल तर तो तिथे अडकतो आणि विजेच्या किंवा प्रकाशाच्या बदलातून त्याची वर्दी मिळते. जंतू वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. याच तत्त्वावरची प्लेगची साधी पट्टी २००३ मध्ये मादागास्करमध्ये तपासली गेली. गाठीतल्या द्रवावरून ती सुमारे पंधरा मिनिटांत निदान करते.

मुंबईला याची गरज प्लेगपुरती नाही. वाकोला नाल्याच्या काठी पावसाचे पाणी घरात शिरले की लेप्टोचे भय असते. त्याचा ताप सुरुवातीला डेंग्यू-मलेरियासारखाच वाटतो आणि रक्तातली प्रतिपिंडे दिसायला बरेच दिवस लागतात. उपचार मात्र लवकर सुरू व्हावे लागतात. वस्तीतल्या दवाखान्यातच जंतू ओळखणारे उपकरण आले, तर हे दिवस वाचतील. मात्र उपकरणाने दिलेले उत्तर वेळेवर जाहीर करण्याचे काम शेवटी माणसालाच करावे लागेल, जसे व्हिएगस यांनी केले.