रखमाबाईला मिळालेली आठ वर्षं

मेहकर तालुक्यातल्या एका गावात आमच्या गटाची महिन्याला बैठक असते. दिवाळीच्या आधीची गोष्ट. बैठक संपली, बायका आपापल्या चपला शोधायला लागल्या, एक जण मात्र चटईवर तशीच बसून राहिली. तिच्या मुलीला जालन्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगी आठवीत. नवरा-बायको दिवाळी झाली की उसतोडीला जाणार, ते चार-पाच महिने येणार नाहीत. मागच्या वर्षीपर्यंत पोरीला आजीजवळ ठेवून जाताना तिला काही वाटत नव्हतं. पण दोन महिन्यांपूर्वी पोरगी शहाणी झाली, आणि आता आईच्या जिवाला घोर लागला होता. अठरा वर्षांचा कायदा मलेही माहीत आहे ताई, पण तोवर इले सांभाळीन कोण ते सांगा, असं तिनं मला सरळच विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ वर फोन करता येतो, हे सगळं मी दर बैठकीत सांगते. पण तिचा प्रश्न त्याच्या अलीकडचा होता. पोर वयात आली ते तिच्या लग्नाचं वय होईपर्यंत, या मधल्या वर्षांचं करायचं काय?

घरी आले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग मला डॉक्टर रखमाबाई आठवल्या. मोहिनी वर्दे यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र मी पूर्वी वाचलं होतं. रखमाबाई म्हटलं की सगळ्यांना तो गाजलेला खटला आठवतो. मला मात्र खटल्याच्या आधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. पुढच्या बैठकीत मी तीच गोष्ट सांगितली.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. आई जयंतीबाई. या आईचंच आयुष्य आधी बघा. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी लेक मांडीवर आणि सतराव्या वर्षी कपाळ पांढरं. आज आपली अकरावी-बारावीतली मुलगी ज्या वयात टिकल्यांचं पाकीट निवडायला अर्धा तास लावते, त्या वयात जयंतीबाईंचा संसार सुरू होऊन संपलाही होता. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. त्याआधी पहिल्या नवऱ्याची मिळकत त्यांनी लेकीच्या नावावर केली.

हे सखाराम अर्जुन मोठे नावाजलेले डॉक्टर. वनस्पतींचाही त्यांचा गाढा अभ्यास होता. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत जे दोन भारतीय होते त्यांतले ते एक. एवढा शिकलेला माणूस, पण रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी झालंच. शाळाही तिथेच सुटली. समाजापुढे त्यांचंही काही चाललं नाही म्हणा, किंवा त्यांना तेव्हा ते वावगं वाटलं नाही म्हणा. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस-वीस वर्षांचा, सखाराम अर्जुनांच्या नात्यातलाच. त्यानं सासरी राहायचं, शिकायचं, चांगला माणूस व्हायचं, असं ठरलं होतं.

लग्नाला सात महिने झाले आणि रखमाबाईला पाळी आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे आता गर्भाधानाचा विधी व्हायचा आणि नवरा-बायकोचा संसार सुरू व्हायचा. इथे मात्र सखाराम अर्जुन आडवे आले. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. बापाचं मन होतंच, पण त्याहून डॉक्टरची नजर होती. या वयाच्या मुलीचं शरीर अजून तयार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

इथे मी गोष्ट थांबवली आणि बायकांना विचारलं, की शहाणी झाली म्हणजे नक्की काय झालं? आपल्याकडे एकदा पाळी आली की पोर पूर्ण वाढली असं धरतात. खरं तर पाळी ही त्या वाढीच्या मधली एक गोष्ट आहे. छाती भरायला, अंगावर केस यायला त्याआधीच दोन-तीन वर्षं सुरुवात झालेली असते. उंची नंतरही थोडी वाढते. बाळ ज्यातून बाहेर येतं तो कमरेचा सांगाडा आणखी काही वर्षं रुंदावत असतो. म्हणून तर पंधरा-सोळाच्या मुलीचं बाळंतपण अडतं. अंगात रक्त कमी असतं, बाळ कमी वजनाचं होतं. आणि मेंदूचं म्हणाल तर राग आवरणं, पुढचा विचार करून ठरवणं हे ज्या भागाचं काम, तो भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. मोसंबीच्या झाडाला फूल दिसलं की आपण लगेच टोपली घेऊन जातो का? पहिली काही वर्षं तर शेतकरी बहार धरूच देत नाही, आधी झाड वाढू देतो. हे उदाहरण मी दिलं नाही हं, आमच्यातल्याच एका शेतकरी बाईनं दिलं.

तर रखमाबाई माहेरीच राहिली. दादाजीनं ठरल्याप्रमाणे काही केलं नाही. शिक्षणात त्याचं मन लागलं नाही. आई वारल्यावर तो मामाच्या घरी राहायला गेला, वाईट वळणाला लागला. बायकोनं नांदायला यावं म्हणून निरोप यायला लागले. बारा वर्षांच्या रखमाबाईनं जायला नकार दिला आणि सावत्र बापानं तिची बाजू घेतली. त्यानंतर साधारण १८८४ पर्यंत, म्हणजे वयाच्या अकरा-बारापासून एकोणीसपर्यंतची वर्षं, तिला आपल्या घरात मिळाली.

त्या दिवशी ती आठवीतली मुलगीही आईबरोबर आली होती, मागे दाराशी बसली होती. तिनं हळूच विचारलं, मग ती दिवसभर घरात काय करायची? फार चांगला प्रश्न! ती वाचायची. शाळा सुटलेली, पण मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं घरी यायची. घरकाम आटोपून ती स्वतःच इंग्रजी शिकली. आईबरोबर प्रार्थना समाजाच्या सभांना जायची. घरी शिकलेली माणसं यायची, त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडायचं. हळूहळू तिला स्वतःचं मत यायला लागलं. अमकं मला पटतं, तमकं पटत नाही, आणि या माणसाबरोबर मला राहायचं नाही.

बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. त्यात हॅविगहर्स्ट नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं किशोरवयाची कामं सांगितली होती. बदललेलं शरीर आपलं म्हणून स्वीकारायचं, आईवडिलांपासून मनानं थोडं वेगळं व्हायचं, मुलामुलींशी नीट वागायला शिकायचं, पोटापाण्याची तयारी करायची, काय बरोबर काय चूक हे स्वतः ठरवायचं. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पुढे माझी स्वतःची मुलगी तेराची झाली, आरशापुढून हलेना, उलट उत्तर द्यायला लागली, तेव्हा त्याचा अर्थ लागला. ती बिघडलेली नव्हती, तिचं काम करत होती. मला मात्र तेराव्या वर्षी पाळी आल्यावर घरच्यांनी सायकल बंद केली होती. चार दिवस बाजूला बसायचं आणि कुणी काही सांगायचं नाही. आपल्या शरीराची लाज वाटायची, तेवढंच मी शिकले.

आता खटला. तो थोडक्यात सांगते. १८८४ मध्ये दादाजीनं बायको नांदायला यावी म्हणून कोर्टात दावा लावला. पुढच्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. पाठीशी उभा राहणारा माणूस गेला, पण तोवर मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिली होती. १८८५ मध्ये तिनं टाइम्स ऑफ इंडियात नाव न देता, एक हिंदू स्त्री म्हणून, बालविवाहावर पत्रं लिहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूनं दिला. अजाण वयात लग्न झालेल्या, नवऱ्याबरोबर कधी न राहिलेल्या मुलीला जबरदस्तीनं पाठवता येणार नाही, असा त्यांचा विचार होता. मग अपील झालं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी एक तर महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम दिला. रखमाबाईनं तुरुंग पत्करला. वय बावीस. टिळकांचा केसरी तिच्या विरोधात होता, तर पंडिता रमाबाई आणि मलबारी तिच्या बाजूनं. व्हिक्टोरिया राणीनं तिचं लग्न मोडून दिलं असं अजूनही लिहिलं जातं, पण प्रकरण मिटलं ते १८८८ मध्ये, दादाजीला दोन हजार रुपये देऊन. दादाजीनं पुढे दुसरं लग्न केलं.

याच्याच शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून बघा. डॉक्टर आनंदीबाई जोशी ३१ मार्च १८६५ च्या, म्हणजे रखमाबाईंपेक्षा चार महिन्यांनी लहान. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी आई, बाळ दहा दिवसांत गेलं. त्या जिद्दीनं अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस पूर्ण व्हायच्या आत, क्षयानं गेल्या. त्यानंतर आठवडाभरात रखमाबाईचा तो निकाल लागला. एक गेली तेव्हा दुसरीच्या पुढे अजून अडुसष्ट वर्षं होती. चौदाव्या वर्षीच्या बाळंतपणानंच आनंदीबाई गेल्या असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या शरीराला आठ वर्षांची उसंत मिळाली नाही एवढं खरं.

रखमाबाईच्या खटल्यानं संमतिवयाची चर्चा पेटली. त्यात बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. १८९१ मध्ये कायदा झाला आणि दहाचं वय बारा झालं. फक्त बारा! १९२९ च्या सारडा कायद्यानं लग्नाचं वय चौदा केलं आणि १९७८ मध्ये ते अठरा झालं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली.

खटला मिटल्यावर कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनानं रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. सुरतेचं नाव आलं की मला आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवतात. सुरतकडच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळा दोष बाईवर टाकला, तेव्हा संतापून ताराबाईंनी १८८२ मध्ये स्त्रीपुरुष तुलना लिहिलं. त्या वेळी रखमाबाई सतरा-अठरा वर्षांची, मुंबईत आपल्या घरी पुस्तकं वाचत बसलेली. दोघी कधी भेटल्याचं वाचनात नाही. पण ज्या मुलखातल्या बाईसाठी आपल्या गावची एक बाई पेटून उठली, तिथल्याच बायकांची बाळंतपणं पुढे रखमाबाईंनी वीसेक वर्षं केली. बायका दवाखान्यात यायला घाबरत, म्हणून त्यांनी एका गाभण शेळीचं बाळंतपण दवाखान्यात करून दाखवलं असं सांगतात. नंतर राजकोट. २५ सप्टेंबर १९५५ ला, नव्वदीत, त्या गेल्या. पुन्हा लग्न केलं नाही.

एक गोष्ट मला आजही कळत नाही. १९०४ मध्ये दादाजी वारला आणि ज्याच्या घरात एक दिवस संसार केला नाही, ज्याच्यापायी तुरुंगात जायची तयारी ठेवली, त्याच्या नावानं रखमाबाई विधवेसारखं पांढरं लुगडं नेसायला लागल्या. बैठकीत मी हे सांगितलं तर मला वाटलं बायका हसतील. कुणी हसलं नाही. ती उसतोडीवाली म्हणाली, नसतं नेसलं तर दवाखान्यात बायका आल्या असत्या का? खरंच असं असेल का, मला सांगता येणार नाही. पण मी एवढी पुस्तकं वाचून जे सुचलं नाही ते तिला क्षणात सुचलं.

गोष्ट संपल्यावर आमचं खरं काम सुरू झालं. या पोरीला सांभाळणारे सखाराम अर्जुन आणायचे कुठून? आजी थकलेली आहे. शेजारची एक जण रात्री झोपायला येईन म्हणाली, तिची मुलगी नववीत आहे, दोघी बरोबरच शाळेत जातील. अंगणवाडीताईंनी दर आठवड्याला घरी चक्कर टाकायचं कबूल केलं. स्थळवाल्यांना तूर्त दहावीनंतर या म्हणून कळवलं आहे. दहावीनंतरही ती पंधरा-सोळाचीच असणार, हे मला दिसतं आहे. नवरा अजून कुरकुरतोय. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळते का ते बघा, असं त्या माउलीनं मला जाताना सांगितलं. फॉर्म मी आणला आहे. त्याला जातीचा दाखला लागतो आणि बापाची सही. दाखला तहसीलला टाकला आहे. सहीसाठी रविवारी त्यांच्या घरी जायचं आहे.