नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह

क्रिकेटपटू रणजितसिंहांचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी क्वचितच सापडेल. त्यांचे पुतणे व वारस दिग्विजयसिंह यांची ओळख मात्र थोड्यांसच असावी. म्हणून त्यांचे चरित्र येथे देत आहो.

त्यांचा जन्म १८९५ साली झाला. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढे इंग्लंडात झाले. काही वर्षे लष्करात काढून १९३३ साली ते काठेवाडातील नवानगरच्या गादीवर आले. राज्यकारभाराचा तपशील आम्ही गाळतो. आम्हांस सांगावयाचे आहे ते १९४२ सालचे.

१९३९ साली जर्मनी व रशिया यांनी पोलंड वाटून घेतला आणि रशियाने लक्षावधी पोलिश लोकांस सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. पुढे १९४१ साली जर्मनीने रशियावरच स्वारी केली, तेव्हा त्यांपैकी पुष्कळांची सुटका झाली. पण थंडीने व उपासमारीने कित्येक मुलांचे आईबाप दगावले होते. जग युद्धात गुंतलेले. या पोरक्यांस ठेवून घेणार कोण? नवानगर काही मोठे संस्थान नव्हे. तरीही जामसाहेबांनी आपण होऊन जागा देऊ केली.

मुले लाऱ्यांतून इराणमार्गे क्वेट्ट्यास व तेथून मुंबईस आली. काही काळ त्यांचा मुक्काम वांद्र्यास होता. तोवर जामनगरजवळ समुद्रकाठी, बालाचडी येथे, जामसाहेबांच्या उन्हाळी वाड्याशेजारी बराकी उभ्या राहिल्या. फादर प्लुटा हे पोलिश धर्मगुरू छावणीचे प्रमुख झाले. मुलांनी आपणांस पिता मानावे, असे जामसाहेबांनी त्यांस सांगितले. आणि ते नुसते बोलणे नव्हते. मुलांची नाटके पाहावयास ते स्वतः जात. एकदा पालकाच्या भाजीवरून मुलांनी संपच पुकारला, तेव्हा ती भाजी पुन्हा शिजवू नये असा त्यांनी हुकूम दिला, असे सांगतात. (आमच्या विद्यार्थ्यांनी हा दाखला घरी देऊ नये!)

युद्ध संपल्यावर पोलंडात नवी राजवट आली आणि अनाथ मुलांस सक्तीने परत नेतील अशी भीती उत्पन्न झाली. तेव्हा जामसाहेबांनी फादर प्लुटा व एका इंग्रज अधिकाऱ्यासह त्यांचे कायदेशीर पालकत्व पत्करले. १९४६ साली छावणी बंद झाली व उरलेली मुले कोल्हापूरजवळ वळिवडे येथे गेली. तेथे १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. ती १९४८ पर्यंत चालली.

जामसाहेब १९६६ साली मुंबईस निवर्तले. वॉर्सा शहरात एका चौकास ‘भले महाराज’ म्हणून त्यांचे नाव दिले आहे. बालाचडीस त्या जागी आज सैनिक शाळा भरते.